उपकेंद्राला कुलूप

मोहना पळता पळता थांबली, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. चौथ्या फेरीचं शेवटचं वळण होतं. नेहमीसारखी ती माझ्यापुढे वीसेक पावलं होती. एकाएकी तिने दोन्ही हात छातीशी आवळले आणि ती तशीच वाकून मातीत बसली. मी तिच्याजवळून पुढे निघून गेले. घड्याळ चालू असताना थांबायचं नाही हा नानांचा नियम होता, आणि नियम पाळायला मला त्या दिवशी फारसं जड गेलं नाही.

हणमंतनाना फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. गावाबाहेरच्या गायरानात चुन्याची फकी मारून त्यांनी मैदान आखलं होतं आणि पोलीसभरतीसाठी पोरं तयार करत होते. फी घेत नसत, शिव्या मात्र सढळ हाताने देत. आम्ही नऊ जण होतो. सात मुलगे, आणि मुली दोनच, मोहना कोळेकर आणि मी, जयमाला गोरड.

नानांनी लांबूनच विचारलं काय झालं म्हणून. मोहना म्हणाली, पाय मुरगळला. नानांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग घाईने नजर डोंगराकडे वळवली.

"ओढणी करकचून बांधत जावा," ते म्हणाले. "ढिली राहिली की दम लागतो."

मुलींच्या दुखण्यावर नानांकडे एवढं एकच औषध होतं, आणि ते आम्ही रोज घेत होतो. टी-शर्टच्या आत ओढणी दुहेरी करून छातीभोवती गुंडाळायची आणि पाठीवर गाठ मारायची. मोहनाची गाठ मी मारायची, माझी तिने. गाठ आवळताना एकमेकींच्या पाठीत गुडघा रोवायचो. श्वास अर्धाच आत जायचा, पण मैदानाच्या कडेला म्हशी घेऊन बसणारे बाप्ये बघायचे थांबायचे. खरं सांगायचं तर ओढणी त्यांच्यासाठीच होती.

परत येताना पाण्याच्या टाकीमागे मोहना थांबली.

"पाय न्हाई मुरगळला," ती म्हणाली.

"दिसलं मला."

"दोन्हीकडं दुखतंय, जयू. भरून आल्यागत, जड. कूस बदलली तरी जाग येती. आठ-धा दिवस झालं आता. मागच्या म्हयन्यातबी झालं हुतं, पर एवढं न्हाई." मग तिने आवाज आणखी खाली आणला. "आत्याचंबी छातीतनंच सुरू झालं हुतं."

तिची आत्या चार वर्षांपूर्वी छातीच्या गाठीने गेली होती. शेवटी शेवटी त्या खोलीत जायला कुणी धजत नसे, मोहनाच जायची. त्यामुळे तिला कशाची भीती वाटत होती, हे तिने न सांगता मला कळलं. ती एकोणीस वर्षांची होती, मीही तेवढीच.

मी म्हटलं, आईला सांग. ती हसली. आटपाडीकडचं एक स्थळ तिच्या घरी दारात येऊन बसलेलं होतं. बापाने एक भरती मान्य केली होती, तीही फक्त नानांनी शब्द टाकला म्हणून. यंदा लागली तर लागली, नाहीतर वैशाखात बार उडवायचा, असं ठरलेलं. छातीत दुखतंय हे घरात कळलं असतं तर भरती राहिली बाजूला, आटपाडीकरांना कळायच्या आत लगीन उरकलं असतं. भरतीला सतरा दिवस राहिले होते.

"तू सिस्टरला विचारून येशील?" ती म्हणाली. "तुझंच दुखतंय म्हण. माझं नाव नगं घेऊस. गावातनं त्या रस्त्याला गेले तर आमचा म्हातारा धा सवाल करतोय."

उपकेंद्र शेजारच्या वस्तीवर, तीन किलोमीटरवर. बनसोडे सिस्टर तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी असायच्या. माझ्याकडे भावाची सायकल होती, आणि माझा बाप मी कुठे जाते ते विचारत नसे, कारण तो दिवसभर मेंढरांमागे असायचा. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी दुपारी गेले आणि तासाभराने परत आले.

मोहना हापशावर दोन कळशा घेऊन थांबली होती. कळशा केव्हाच भरून वाहत होत्या. मी सायकलवरून न उतरताच तिला सांगितलं, "उपकेंद्राला कुलूप हाय. सिस्टर कँपला गेल्यात. आठ-धा दिवस येत न्हाईत म्हणं."

 एक कळशी डोक्यावर घेतली आणि दुसरी कमरेवर घेताना तिने ओठ चावला. नंतर म्हणाली, "बरं. गेलीस तेवढं लई केलंस."

पुढचे चार दिवस ती पळत होती, पण ते पळणं तिचं नव्हतं. मोहना पळायची तेव्हा बघत राहावं असं वाटायचं. तिची मान हलायची नाही, घागर घेऊन चालतात तशी. आता ती खांदे आत घेऊन, कोपर अंगाला चिकटवून पळायची. मंगळवारी मी तिच्यापुढे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा. नानांनी घड्याळ पाहिलं, परत पाहिलं आणि माझ्या पाठीत थाप मारली. "गोरडाची पोरगी निघाली की रं," ते पोरांना म्हणाले.

त्या थापेची ऊब मला घरी जाईपर्यंत पुरली. हे मी लपवत नाही. आमच्या दोघींचा प्रवर्ग एकच होता, आणि जिल्ह्यात त्या प्रवर्गातून मुलींना जागा होत्या मोजून दोन. त्यातली एक फलटणकडची एक मुलगी घेणार हे सगळ्यांना माहीत होतं, ती राज्य पातळीवर खेळलेली. उरली एक. मोहना आणि मी देवळात हातात हात घालून शपथ घेतली होती की खाकी घालायची तर दोघींनी मिळून. एकोणिसाव्या वर्षी माणूस शपथ घेतो आणि त्याच वेळी बेरीज-वजाबाकीही करतो.

मंगळवारीच संध्याकाळी माझ्या आईने मोहनाला धरलं. मोहना आमच्याकडे ताक न्यायला आली होती. भांडं उचलताना तिने कळवळून हात मागे घेतला. माझी आई दुखणं बघण्यात तरबेज. गुडघा, टाच, पाठ, लचक, जुनाट मुरगळा, काहीही असो, पाच कोसांवरून माणसं तिच्याकडे बिबा घालून घ्यायला येत. हा बिबा म्हणजे जंगली झाडाचं काळं फळ, धोब्याच्या कपड्यावरची खूण ज्याने करतात तेच. त्यात सुई टोचून दिव्यावर धरली की काळं तेल येतं. ते तेल सुईच्या टोकाने दुखऱ्या जागी टेकवायचं. कातडी भाजते, आणि आतलं दुखणं बाहेर येतं, असं आई म्हणे. लोक बरे व्हायचेही. गुडघ्याची कातडी जाड असते.

आईने दार लावून घेतलं आणि मोहनाला सरळ विचारलं. मोहना आधी माझ्याकडे बघत राहिली, मग तिला रडू फुटलं. सगळं सांगितलं, आत्यासकट.

"येडी हायस," आई म्हणाली. तिने मोहनाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. माझं डोकं तिने असं कधी घेतलेलं मला आठवत नाही. "गाठबीठ काय न्हाई. वारं धरलंय. पळून पळून वारं धरलंय छातीत. दोन ठिपकं दिलं की उतरंल."

"तिथं देत्यात का पर, काकी?"

"जिथं दुखतं तिथंच द्यायचं असतंय."

आईने दिवा लावला. खुंटीवरच्या पिशवीतून बिबा काढला, नव्या सुईने टोचला. मला म्हणाली, हिचे हात धर, पोरगी हलली तर ठिपका पसरंल. मोहना पाट मांडून भिंतीला टेकून बसली होती. तिने पोलकं सोडलं. ओढणी बांधून बांधून बगलेखाली लाल वळ उठले होते. दोन्हीकडे सूज होती, एवढं मला दिसलं, कारण रोज गाठ मारणारी मीच होते. मी तिचे हात धरले. गार होते.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने सुई दिव्यावर धरली होती. ती मान न वळवता म्हणाली, "काय?"

"काय न्हाई. सुई लई तापवू नगंस."

"मला शिकवती."

आईने डावीकडे तीन ठिपके दिले, उजवीकडे दोन. डावीकडे दुखणं जास्त होतं. प्रत्येक ठिपक्याला मोहनाची बोटं माझ्या तळहातात रुतत गेली, पण ती ओरडली नाही. भिंतीपलीकडे माझा भाऊ आणि त्याचे मित्र बसले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असावा.

उठताना आईने बजावलं. चार दिवस पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, वर कापड घट्ट बांधायचं नाही. मोहना म्हणाली, काकी, बारा दिवसांवर भरती आली. आई म्हणाली, मग दोन दिवस तरी. दोन दिवसांवर तडजोड झाली.

दुसऱ्या दिवशी मोहनाला पाळी आली आणि दुखणं निम्म्याहून कमी झालं. ती उड्या मारत आमच्या दारात आली. "काकी, तुमच्या हाताला गुण हाय," म्हणाली आणि आईच्या पाया पडली. आई दिवसभर खुशीत होती, शेजारणीला बोलावून चहा दिला. मी एकटीच तिथे अशी होते की जिला ठाऊक होतं, हे दुखणं बिब्याने गेलेलं नाही. पाळी आली की ते आपोआप जाणारच होतं. पण हे मला कसं ठाऊक होतं, ते पुढे येईल.

मग शुक्रवारी मोहना मैदानावर आली. दोन दिवस बुडाल्याने तिला तहान लागल्यासारखं झालं होतं. टाकीमागे तिने माझ्याकडे पाठ केली आणि ओढणीची टोकं माझ्या हातात दिली.

"करकचून बांध," म्हणाली. "आज तुला दाखवते."

मी बांधली.

ती खरंच पळाली त्या दिवशी. मान स्थिर, पाय लांब. माझ्यापुढे तीस पावलं गेली. नाना घड्याळाकडे बघून टोपी काढून डोकं खाजवू लागले. उन्हाळा सुरू झालेला, साडेसातलाच घामाने टी-शर्ट पिळायला झाला होता. त्या घामात बिब्याचं तेल ओढणीखाली सगळीकडे पसरलं. संध्याकाळपर्यंत तिला खाज सुटली, आणि रात्रीत बिबा उतला, सगळीकडे फोड आले. आमच्याकडे बिबा उतला की कुणी डॉक्टरकडे धावत नाही. खोबरं चघळतात, खोबरेल लावतात, तीळ वाटून थापतात. मोहनाने घरात कुणाला न सांगता दोन दिवस खोबरेल लावलं, वर कापड गुंडाळलं आणि चुलीपुढे भाकऱ्या थापत बसली. शनिवारी, रविवारी ती मैदानावर आली नाही. सोमवारीही नाही. मी मात्र रोज गेले, आणि सोमवारी माझी वेळ आजवरची सगळ्यात चांगली आली.

मंगळवारी तिची आई शेतात गेल्यावर मी तिच्याकडे गेले. ती तापाने फणफणली होती. कापड कातडीला चिकटलं होतं आणि खोलीत वास येत होता. तिने मला कापड थोडं उचलून दाखवलं. डावीकडे कातडी राहिलीच नव्हती. मी जे पाहिलं ते नोकरीत पुढे कितीतरी जळीत बायकांचे जबाब घेताना परत परत पाहिलंय, पण त्या माझ्या मैत्रिणी नव्हत्या.

"सिस्टरकडं चल," मी म्हटलं.

"कुलूप असलं तर?"

"उघडलं असंल आता."

सायकलवर डबलसीट नेलं तिला. तीन किलोमीटर ती माझ्या पाठीला कपाळ टेकून बसली होती, छाती लागू नये म्हणून मागे वाकून. खड्डा आला की तिचा श्वास अडायचा. वाटेत तिने एकदा विचारलं, भरतीपर्यंत भरून येईल का. पाच दिवस राहिले होते. मी म्हटलं, येईल.

बनसोडे सिस्टर टेबलाशी रजिस्टर लिहीत होत्या. मोहनाला पाहताच उठल्या. तिला बाकावर निजवलं, पडदा ओढला, कोमट पाण्याने कापड भिजवत भिजवत सोडवायला लागल्या. अर्धा तास गेला त्यात. एक शब्द रागाचा बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "कुणी घातला बिबा?" मोहना म्हणाली, मीच घालून घेतला. कशासाठी, तर तिने सांगितलं.

सिस्टरचे हात थांबले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याच्या कडेला उभी होते.

"अगं, तूच ना ती?" त्या म्हणाल्या. "त्या शुक्रवारी आलेली, गोरडाची? तुझंबी असंच होतं. तुझं कसं हाय आता? सांगितलेलं केलंस का?"

मी मान खाली घातली. सिस्टरना वाटलं मी लाजले.

"मग मैत्रिणीला का न्हाई सांगितलंस गं?" त्या मोहनाकडे वळल्या, आणि पट्टी लावता लावता, मला त्या शुक्रवारी जे अर्धा तास बसवून सांगितलं होतं तेच सगळं तिला सांगू लागल्या. चांगल्या बाई होत्या. दोनदा सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. पाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस दोन्हीकडे असं जड होतं, दुखतं, आणि पाळी आली की उतरतं. तुमच्या वयात निम्म्या पोरींना होतं. त्याला कॅन्सर म्हणत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखेल त्या दिवशी फुली मारत जा, दोन-तीन महिन्यांत तुझं तुलाच कळेल. ओढणीने आवळायचं नाही, त्याने आधार मिळत नाही, नुसतं चेंगरतं. मापाची, रुंद पट्ट्यांची बॉडी घाल, पळताना तर घालच. कोमट कापडाने शेक. फारच दुखलं तर दोन दिवस ही गोळी, जेवल्यावर. पाळी झाल्यावरही गाठ हाताला लागत राहिली, एकाच जागी दुखत राहिलं, कातडी ओढली गेली की बोंडातून काही आलं, तर मात्र लाज सोडून यायचं, मी तालुक्याला पाठवीन. आत्या होती म्हणतेस ना, मग एकदा पाठवीनच, नुसतं बघून घ्यायला.

"एवढंच होतं बघ," सिस्टर म्हणाल्या. "ह्या पोरीला मी गोळ्यांची पट्टीबी दिली होती. दोघींना पुरली असती."

ती पट्टी माझ्या दप्तरात, इंग्रजीच्या पुस्तकात होती. दहाच्या दहा गोळ्या.

मोहना छताकडे बघत होती. मी वाट बघत होते की ती काहीतरी म्हणेल. सिस्टरना तिने विचारलं फक्त, "बाई, तुम्ही कँपला गेला हुता का मागं?"

"कसला कँप? पोलिओचा आता पुढच्या म्हयन्यात हाय. मी तर इथंच की."

सिस्टरनी तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि रस्त्यावरून जाणारी वडापची जीप थांबवली. मी जीपमध्ये तिच्या शेजारी बसले. तिने मला उतर म्हटलं नाही. बराच वेळ आम्ही समोरच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी बघत होतो. मग मोहनाने माझ्याकडे न बघता विचारलं,

"काल तुझी वेळ किती आली?"

मी सांगितली. सेकंदासकट.

तिने मान हलवली. "हुईल तुझं," म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी मनात कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती. दोन-चार दिवस तिला विश्रांती पडेल आणि माझी वेळ थोडी सुधारेल, एवढंच माझ्या मनात होतं. आई बिबा घालेल हे मला काय माहीत? पण आई बिबा घालत होती तेव्हा हात मीच धरले होते, आणि ओढणी मीच बांधली होती. पोलिसांत गेल्यावर मला कळलं की गुन्हा एकदम घडत नाही, माणसाला मध्ये तीन-चार वेळा परत फिरायला जागा मिळते. मला चार वेळा मिळाली होती.

भरतीत माझं नाव लागलं. नानांनी पेढे वाटले. मोहना तालुक्याच्या दवाखान्यात बारा दिवस होती. डावीकडची जखम भरायला पावसाळा उजाडला, त्यामुळे वैशाखातलं लगीन मार्गशीर्षात झालं. आटपाडीकरांना चहा सांडल्याचं सांगितलं होतं. ते फार दिवस खपलं नाही. पहिला मुलगा झाल्यावर तिला एकाच बाजूने पाजता यायचं, दुसरीकडे बोंड कातडीत बुजून गेलं होतं. हे मला गावाकडून कळलं, आणि सासरी तिला काय काय ऐकावं लागलं तेही. पाच वर्षांनी ती मुलाला घेऊन माहेरी परत आली आणि शिलाई मशीन घेऊन बसली.

माझ्या आईने त्यानंतर बिब्याला हात लावला नाही. पिशवी तिने शेताच्या बांधावर पुरली. कुणी गुडघा घेऊन आलं तरी दारातून परत पाठवायची. "पोरीचं वाटोळं केलं मी," असं ती शेवटच्या आजारपणातही म्हणाली, माझा हात हातात घेऊन. उपकेंद्र उघडं होतं हे मी तिला सांगू शकले असते. तिने दोष आपल्या माथी घेतला आणि मी घेऊ दिला. ती तशीच गेली.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या भरतीत मला मुलींच्या मैदानावर ड्यूटी लागली. आता मी हवालदार आहे. माझ्याकडे छातीवरचे नंबर लावायचं काम होतं. कापडी नंबर, चार कोपऱ्यांना चार पिना. सकाळपासून दोन-अडीचशे पोरी माझ्या हाताखालून गेल्या. निम्म्याहून जास्त पोरींनी आत ओढणी आवळलेली होती, पिन लावताना हाताला कळत होतं. मी प्रत्येकीला हळूच विचारत होते, दुखतं का, आणि सिस्टरनी सांगितलेलं दोन वाक्यांत सांगत होते. अशाने काही फिटत नाही, हे मला माहीत आहे.

मग एक पोरगी आली. उंच, सडपातळ, मान ताठ. पिन लावताना बोटांना जाड सुती कापड लागलं. रुंद पट्ट्या, बगलेत दुहेरी शिवण. विकतची वस्तू नव्हती ती. मी विचारलं, कुठलं गं हे. तिने आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"मोहनाकाकी शिवून देत्यात मॅडम. मैदानावर येणाऱ्या सगळ्या पोरींना. माप घेऊन. पैसं घेत न्हाईत. घालायची कशी ते शिकवत्यात, कॅलेंडरवर फुल्या मारायला लावत्यात."

मी तिसरी पिन लावली. बोट टोचलं, ते तोंडात घेतलं. मग विचारलं, आणखी काय सांगतात?

"आनखी एकच सांगत्यात," पोरगी म्हणाली. "काय दुखलं-खुपलं तर सिस्टरकडं आपलं आपण जायचं. मैत्रिणीला धाडायचं न्हाई."

"का?"

"ते न्हाई सांगितलं. कुणी म्हणलं की लाज वाटती, न्हाईतर कुलूप असंल, तर म्हणत्यात, जाऊन बघ. उघडंच असतंय ते."

मागे रांग थांबली होती. साहेबांनी हाक मारली, गोरड, हात उचला जरा. मी चौथी पिन लावली, नंबर सरळ आहे का पाहिला आणि पोरीला पुढे सोडलं.